घाट 'चालू आहे' म्हणजे नक्की काय चालू आहे?

(या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे ना' कमी केलेत.)

कुणी बसमध्ये असाल, कुणी भांडी घासत असाल, जसे असाल तसे ऐका. आजचा विषय आहे घाटरस्ते. पावसाळा लागला की आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न फिरतो, "भाऊ, घाट चालू आहे का?" आणि दोन मिनिटांत कुणाचं तरी उत्तर येतं, "चालू आहे, बिनधास्त या." या 'चालू आहे'बद्दल मला आज बोलायचंय.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णीकडचा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सिव्हिलवाला नाही. आमच्या जिल्ह्यातही एक खंडाळा घाट आहे, पुसद-वाशिम रस्त्यावर. पण पुण्यात 'आमचा खंडाळा घाट' म्हटलं की लोक लोणावळ्याकडे बघतात, मग मी नाद सोडून दिला. तर सह्याद्रीतला पाऊस मी पंचविशीत पहिल्यांदा पाहिला आणि खरं सांगतो, वेडा झालो. ढग आपल्या खालून जातात म्हणजे काय बाप्पा!

पण माझी नोकरी अशी आहे की आठवड्याआड रात्रीची ऑन-कॉल ड्यूटी असते. समोर डॅशबोर्ड, सगळं हिरवं हिरवं. आणि आत कुठंतरी मेमरी हळूहळू भरत असते. हिरवं दिसतंय म्हणजे ठीक आहे असं नसतं, आत्तापर्यंत पडलेलं नाही एवढंच असतं. घाटाच्या 'चालू आहे'चं तसंच आहे असं मला वाटायला लागलं, आणि ते वाटायला लावलं आंबेनळी घाटाने.

आंबेनळी म्हणजे महाबळेश्वरहून खाली पोलादपूरला उतरणारा रस्ता. साधारण ४० किलोमीटर. वर थंड हवेचं ठिकाण, खाली कोकण आणि मुंबई-गोवा महामार्ग, मध्ये प्रतापगडाचा फाटा, वाडा कुंभरोशी, पार अशी गावं. पावसाळ्यातल्या महाराष्ट्रातला सगळ्यात देखणा रस्ता कुठला असं कुणी विचारलं तर मी याचं नाव घेईन.

जुलै २०२१. २३ तारखेच्या सकाळी महाबळेश्वरच्या हवामान केंद्रात मागच्या २४ तासांचा पाऊस मोजला गेला तो ५९४ मिलिमीटर. हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही, म्हणून यवतमाळच्या मापात सांगतो. आपल्याकडे अख्ख्या वर्षात हजाराच्या आत-बाहेर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या वर्षाच्या निम्म्याहून जास्त पाऊस एका दिवसात, एका डोंगरावर. त्या दोन-तीन दिवसांत आंबेनळी एका जागी नाही, अनेक ठिकाणी तुटला. कुठे वरून डोंगर रस्त्यावर आला, आणि कुठे उलटं झालं, रस्ताच खाली गेला.

हे 'उलटं' महत्त्वाचं आहे. आपण सरसकट 'दरड कोसळली' म्हणतो, त्यामुळे डोक्यात चित्र एकच असतं, वरून दगड आला. पण घाटरस्ता बांधतात कसा ते बघा. डोंगराच्या उतारावर सपाट पट्टी हवी. मग आतल्या बाजूचा डोंगर कापायचा आणि तीच माती-दगड बाहेरच्या बाजूला भरून पट्टी रुंद करायची. म्हणजे तुमच्या गाडीची डोंगराकडची चाकं मूळ खडकावर असतात आणि दरीकडची चाकं माणसाने टाकलेल्या भरावावर. भराव टिकतो कधी? तो कोरडा राहिला तर. पाणी एकदा त्याच्यात शिरलं की तो जड होतो, सैल होतो आणि दरीकडे सरकतो. वरचा डांबराचा थर मात्र काही दिवस तसाच अधांतरी राहू शकतो. खाली पोकळ, वर काळा कुळकुळीत रस्ता. डॅशबोर्ड हिरवा.

आता हे पाणी येतं कुठून? आकाशातून, हो. पण रस्त्यावर पडलेलं पाणी फार नसतं. खरं पाणी येतं डोंगराकडून. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, काळ्या बेसाल्टचे. दोन थरांच्या मध्ये कितीतरी ठिकाणी लालसर, मातकट पट्टा असतो, तुम्ही घाटात पाहिलाही असेल, फोटोत छान येतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा आहे, तो स्पंजासारखा पाणी पितो. मुरलेलं पाणी भेगांतून खाली जातं, लाल पट्ट्यापाशी अडतं, आणि आडवं चालत जाऊन डोंगराच्या कापलेल्या बाजूने बाहेर पडतं. आपण तिथं गाडी थांबवून म्हणतो, वा, काय धबधबा आहे! काही ठिकाणी तो खरंच धबधबा असतो. काही ठिकाणी तो डोंगर गळतोय हे सांगणारा नळ असतो.

या पाण्याला घेऊन जायला डोंगराच्या बाजूने गटार असतं. गटार ठरावीक अंतरावर मोरीत उतरतं, मोरी रस्त्याखालून पाणी दरीत सोडते. एवढीच व्यवस्था. एखादी मोरी पालापाचोळ्याने, दोन-चार दगडांनी तुंबली की पाणी गटार सोडून रस्त्यावर येतं, रस्ता ओलांडून दरीच्या कडेवरून पडतं आणि पडता पडता भराव कुरतडत जातं.

इथे मला आमचे आबाजी आठवतात. माझ्या आईचे काका. ते बांधकाम खात्यात मैलकुली होते. आताच्या पोरांना हा शब्दच माहीत नसेल. ठरावीक लांबीच्या रस्त्यावर ठरलेली माणसं असायची, त्यांचं काम रस्ता बघणं. आबाजींचा रस्ता सागाच्या जंगलातला. रोहिणी नक्षत्र लागलं की ते फावडं, टिकास आणि घमेलं घेऊन निघायचे, मोऱ्यांमध्ये वाकून शिरायचे आणि सागाची पानं ओढून काढायचे. सागाचं पान केवढं असतं माहीत आहे ना? दहा-बारा पानं एकावर एक चिकटली की मोरीला झाकण. मी लहानपणी विचारायचो, आबाजी, खड्डे बुजवायचे सोडून तुम्ही हे काय करता? ते म्हणायचे, "पाण्याले वाट देली का ते रस्त्यावर येत नाही. नाही देली का मंग ते आपली वाट आपणच करते."

आता रस्त्यावर मैलकुली दिसतो का? मला तरी वर्षानुवर्षं दिसलेला नाही. दिसतो तो जेसीबी, आणि तो दरड पडल्यावर येतो.

बरं, पडल्यावर काय होतं? पहिलं काम ढिगारा काढणे. हे काम जीवघेणं असतं, कारण वरचा डोंगर अजून थांबलेला नसतो आणि पोकलेनचा ऑपरेटर बरोबर त्याच्या खाली बसलेला असतो. पाऊस चालू, धुकं, दहा फुटांवरचं दिसत नाही. एक माणूस वर बघत उभा असतो, दगड हलला की ओरडायला. तासाभरात किंवा दोन दिवसांत एक लेन मोकळी होते आणि बातमी येते, 'घाट सुरू'. त्या ऑपरेटरचं नाव बातमीत नसतं. ते असायला पाहिजे असं माझं मत आहे.

पण ही दुरुस्ती नव्हे, ही वाट मोकळी करणं झालं. ढिगाऱ्याचं काय केलं तेही बघण्यासारखं असतं. बऱ्याचदा तो सरळ दरीच्या बाजूला ढकलतात. तोच नवीन सैल भराव, पुढच्या पावसात वाहायला तयार, आणि कधी खालच्या वळणावरची मोरी बुजवणारा.

खरी दुरुस्ती पाऊस संपल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीनंतरच होऊ शकते. ओल्या डोंगरात पाया खणता येत नाही, पावसात डांबर टाकता येत नाही. तेव्हापासून मे अखेरपर्यंत जेवढे महिने मिळतात त्यातच अंदाजपत्रक, मंजुरी, टेंडर आणि काम. दरीकडून तुटलेल्या जागी खालून संरक्षक भिंत उचलून आणायची, किंवा गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून पायऱ्यांसारख्या रचलेल्या. गॅबियन दिसायला गावठी वाटतं, पण मला ते आवडतं, कारण त्यातून पाणी आरपार जातं. काँक्रीटच्या भिंतीला पाणी जायला मुद्दाम भोकं ठेवावी लागतात. ती बुजली तर भिंतीच्या मागे पाणी साठतं, आणि भिंत पाडायला मातीपेक्षा ते पाणी जास्त जोर लावतं. पुढच्या वेळी घाटात भिंत दिसली तर ती भोकं बघा. भर पावसात आजूबाजूचा सगळा डोंगर गळतोय आणि भोकं कोरडी ठक्क, तर काहीतरी गडबड आहे.

वरच्या बाजूला सैल दगड काढून टाकणं, खडकात लोखंडी बोल्ट ठोकणं, जाळी ताणणं, सिमेंटचा फवारा मारणं अशी कामं असतात. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये गाड्यांवर दरड येऊन माणसं गेली, त्यानंतर तिथे असं काम झालं. जुलै २०२३ मध्ये आडोशीजवळ पुन्हा दरड आली. जाळी बसवली म्हणजे डोंगर बरा झाला असं होत नाही. शेवटी हा घाटाचा टप्पाच टाळायला १३ किलोमीटरच्या आसपासचा, दोन बोगद्यांचा मिसिंग लिंक रस्ता आखला गेला. एक्स्प्रेसवेला एवढे पैसे मिळतात. आंबेनळीला, वरंधला, माळशेजला कोण बोगदे देणार? ते असेच राहणार आहेत, डोंगराच्या अंगावर.

मग अशा रस्त्याचं काय करायचं? इथे मला रेल्वेकडे वळायचंय.

२२ जून २००३ च्या रात्री कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगड-मातीवर गाडी आदळली, ५० हून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळांवरच्या दगडांमुळे घसरली, पुन्हा माणसं गेली. डोंगर कापून काढलेली रेल्वे, म्हणजे घाटरस्त्याचीच भावंडं. त्यांनी जाळ्या लावल्या, कापलेले उतार कमी तिरपे केले, हे सगळं केलंच. पण मला जास्त भावलं ते दुसरं. त्यांनी मान्य केलं की डोंगर पडणार. आणि पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक काढलं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या मुद्दाम हळू. जोराचा पाऊस असून समोरचं नीट दिसत नसेल तर ताशी ४० किलोमीटर. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, मडगाव अशा ९ स्टेशनांवर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापकं. धोक्याच्या कटिंगमध्ये रात्रंदिवस गस्त. आणि 'रक्षा धागा' नावाची एक गोष्ट आहे, ती तर मी ऐकली आणि खूशच झालो. जाळीला जोडलेली तार. दगड जाळीवर पडला, तार ओढली गेली की गाडीला धोक्याचा सिग्नल. ना एआय, ना क्लाउड. दोरी ओढली की दिवा लाल!

आता तुम्ही म्हणाल, रेल्वेचा मालक एक, ड्रायव्हर त्यांचेच, सिग्नल त्यांचाच. रस्त्यावर कुणीही कधीही शिरतो. बरोबर. पण रस्ता बंद करायचा अधिकार नाही असं नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ३४ मध्ये जिल्हा प्राधिकरणाला धोक्याच्या भागातली वाहतूक रोखता येते. आणि ते वापरलंही जातं. भोर-महाड रस्त्यावरच्या वरंध घाटासाठी गेल्या काही वर्षांत असे आदेश निघालेत, की पावसाळाभर अवजड गाड्या बंद, आणि हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल त्या दिवशी सगळ्याच गाड्या बंद. वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. हे तर पावसाळी वेळापत्रकच झालं की! इनपुट अलर्ट, आउटपुट बंद. दोन ओळींचा कोड.

फक्त हा कोड चालतो कुठे? कागदावर. आदेश निघतो, सही-शिक्का होतो, कुणीतरी त्याचा तिरका फोटो काढतो आणि तो व्हॉट्सॲपवर फिरतो. फोटोतला मजकूर मोबाइलमधला नकाशा वाचत नाही. पुण्याहून शनिवारी पहाटे निघालेल्या पोराला नकाशा निळी रेघ दाखवतो, पावणेतीन तास, आणि तो निघतो. घाटाच्या तोंडाशी बॅरिकेड असेल, पोलीस असेल तर ठीक. धुक्यात पहाटे पाचला नसेल तर?

आणि ही गोष्ट फक्त सह्याद्रीची आहे असं समजू नका. आपल्याकडे घाट नाही तर रपटे आहेत, बुटके पूल आहेत. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर, पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरकडे जाणारी एसटी वाहून गेली. माणसं गेली. ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी आमच्या घरातलं निम्मं गणगोत कुठे ना कुठे एसटीत होतं, फोनवर फोन चालू होते. त्या क्षणापर्यंत तो रस्ता चालूच होता ना.

आता मला स्वतःलाच न पटणारी बाजूही मांडतो. 'बंद करा' म्हणणं मला सोपं आहे, मी पुण्यात बसलोय. घाट बंद झाला तर माझा रविवार जातो. पण घाटातल्या गावाचा रस्ता बंद झाला तर बाळंतीण कशी न्यायची? दूध, गॅस, कॉलेजचा पेपर? २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला, ८० हून जास्त माणसं गेली. महाडला सावित्रीचा पूर, वाटेत पाणी आणि दरडी, मदतपथक पोचायला दुसरा दिवस उजाडला. माळीण आठवा, ३० जुलै २०१४. गाव गाडलं गेलंय हे बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे, नेहमीच्या फेरीला गेला तर गाव जागेवर नाही. म्हणजे रस्ता आणि त्यावरची एसटी हीच तिथली बातमी पोचवणारी तार आहे. ती सरसकट तोडून चालणार नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, बंद कुणासाठी याची प्रतवारी पाहिजे. रेड अलर्टला फिरायला येणारी गाडी आधी थांबावी, गावातली आणि रुग्णवाहिका शेवटी. आणि गावासाठी दोन्हीकडच्या तोंडाशी माणूस, वायरलेस आणि पोकलेन पावसाळाभर उभा पाहिजे, दरड पडल्यावर शोधाशोध नको.

तुमच्या फोनवर आत्ता काय करता येईल तेही सांगतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जुलै २०२४ मध्ये 'भूस्खलन' नावाचं ॲप आणि 'भूसंकेत' नावाचं पोर्टल सुरू केलंय. ॲप टाकून बघा. पण रोजचा खरा उपयोग हवामान खात्याच्या जिल्हानिहाय अलर्टचा आहे. यवतमाळचा नव्हे बरं का, जिथे चाललात तिथला, आणि घाट दोन जिल्ह्यांत असेल तर दोन्ही बघा. आंबेनळी अर्धा साताऱ्यात, अर्धा रायगडात. घाटात शिरलात तर कापलेल्या कड्याखाली गाडी लावून रील काढू नका. डांबरावर दरीच्या बाजूला चंद्रकोरीसारखी भेग दिसली, झाड किंवा खांब नव्याने कललेला दिसला, स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, बारीक खडे टपटपायला लागले, तर तिथून निघायचं. मागे नाहीतर पुढे, पण निघायचं.

आणि एक काम मी सुरू केलंय, त्यासाठी तुमची मदत लागेल. ऑफिसातल्या दोघांबरोबर एक साधी शीट केली आहे. घाटाचं नाव, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत बंद, कुठल्या गाड्या, कुठल्या अलर्टला, आदेश कुणाचा. तिरक्या फोटोतून वाचून हाताने टाइप करतो. शेवटचा रकाना आहे 'प्रत्यक्ष कुणी आणि कधी पाहिलं', आणि तो बहुतेक रिकामा आहे. पोलादपूर, महाबळेश्वर, भोर, महाड, जुन्नर, आंबोली भागातून कुणी ऐकत असेल तर आदेशाचा फोटो पाठवा. सही आणि तारीख दिसेल असा काढा. आणि घाटातल्या तुंबलेल्या मोरीचा फोटो असेल तर तोही चालेल, फक्त जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा त्यात येऊ द्या.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू.